एन्शंट डेब्री शोधायला बेड की टीएनटी?

माइनक्राफ्ट गेममधल्या नेदर या आगीच्या जगात वाय १५ (म्हणजे उंचीचा आकडा १५) च्या आसपास एन्शंट डेब्री हे दुर्मीळ खनिज सगळ्यात जास्त सापडतं. स्फोटाने ते फुटत नाही, आजूबाजूचा नेदररॅक (तिथला साधा दगड) मात्र साफ उडतो.

नेदरमध्ये बेडवर क्लिक केलं की तो फुटतो. बेड स्वस्त: ३ लोकर, ३ फळ्या. धमाकाही टीएनटीपेक्षा मोठा. पण प्रत्येक बेड इन्व्हेंटरीत (सोबतच्या सामानात) वेगळी जागा अडवतो, शिवाय आग लागते. स्वतःच्या आणि बेडच्या मध्ये एक ब्लॉक ठेवल्याशिवाय क्लिक करूच नका, आणि फायर रेझिस्टन्सचं औषध जवळ असू द्या.

टीएनटीला ५ गनपावडर, ४ वाळू. एका जागेत ६४ मावतात. बोगद्यात ओळीने लावा, पहिला पेटवा आणि लांब पळा.

क्रीपर फार्म (क्रीपर या राक्षसांकडून गनपावडर मिळवायची सोय) असेल तर माझं मत टीएनटीलाच. नवी सुरुवात असेल तर बेडच्या लोकरीसाठी मेंढ्या पाळा. डेब्री खोदायला कुदळ मात्र किमान हिऱ्याची हवी.