सोसायटीचे अंगण की अकॅडमीची बॅच: मुलांच्या बॅडमिंटनची सुरुवात कोठे करावी?

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की नाशिकमध्ये गंगापूर रोडपासून इंदिरानगर, सिडको आणि नाशिकरोडपर्यंत अनेक घरांत एकच प्रश्न निघतो. सात-आठ वर्षांच्या मुलाला बॅडमिंटन शिकवायचे आहे, तर महिन्याची फी भरून त्याला हॉलमधील बॅचमध्ये घालावे, की पहिले काही महिने सोसायटीच्या मोकळ्या जागेत आई-वडिलांनीच त्याच्या हाती रॅकेट द्यावी? हा आढावा या दोन पर्यायांचा आहे आणि तो सहा ते दहा वर्षांच्या, पूर्णपणे नवशिक्या मुलांपुरता मर्यादित आहे. माझे मत आधीच नोंदवतो. दोन्हींपैकी एकाला सरसकट कौल देण्यात अर्थ नाही, कारण खेळाची काही मूलतत्त्वे घराजवळ अधिक चांगली शिकता येतात आणि काही हॉलबाहेर शिकवण्याचा प्रयत्न केल्यास नुकसानच होते. त्यामुळे कोणते कौशल्य कोठे शिकवायचे, या क्रमाने विचार केलेला बरा.

प्रारंभ रॅकेटच्या पकडीपासून करू. रॅकेट प्रथमच हातात घेणारे बहुतेक मूल ती उलथन्यासारखी, म्हणजे रॅकेटच्या तारांचा सपाट भाग समोर ठेवून धरते. अशा पकडीने समोर आलेले शटल लगेच लागते, म्हणून मुलाला ती योग्य वाटते. परंतु पुढे डोक्यावरून फटका मारताना हात वळायला जागाच राहत नाही. योग्य पकडीत अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये इंग्रजी व्ही अक्षराचा आकार दिसतो, बॅकहँडसाठी, म्हणजे हाताची पाठ पुढे ठेवून मारायच्या फटक्यासाठी, अंगठा रॅकेटच्या मुठीच्या रुंद बाजूवर येतो आणि दोन्ही पकडींमध्ये बोटे सैल राहून केवळ फटक्याच्या क्षणी आवळली जातात. ही सवय दररोज दहा मिनिटे, अनेक आठवडे लक्ष दिल्यानेच लागते. आठवड्यातून तीन दिवस, एका प्रशिक्षकाकडे पंधरा मुले असलेल्या बॅचमध्ये प्रत्येकाच्या बोटांकडे असे लक्ष जाणे कठीण आहे. याउलट घरी दिवाणखान्यात फुगा रॅकेटने हवेत ठेवणे, नंतर शटल एका जागी उभे राहून वर ठोकत राहणे, एकदा फोरहँडने, म्हणजे तळहात पुढे ठेवून, आणि एकदा बॅकहँडने, एवढा सराव झाला की पकड बदलणे आपोआप अंगवळणी पडते. यासाठी पालक स्वतः खेळाडू असण्याची गरज नाही. योग्य पकड एकदा नीट पाहिलेली असली आणि चुकली की न रागावता दुरुस्त करण्याची चिकाटी असली, तरी पुरे. या बाबतीत घराचे पारडे निःसंशय जड आहे.

जाळीजवळच्या हलक्या फटक्यांचेही तसेच आहे. जागतिक बॅडमिंटन महासंघाच्या ‘शटल टाइम’ या शालेय उपक्रमात पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी बावीस पाठांची आखणी केलेली असून तिचा सुरुवातीचा भर पकडीवर आणि जाळीजवळच्या खेळावर आहे, कारण अंतर कमी असले की ताकद लागत नाही आणि शटलवर नियंत्रण लवकर येते. हे साहित्य विनामूल्य उपलब्ध आहे आणि शिक्षकांसाठी लिहिलेले असले तरी कोणत्याही पालकाला समजेल असे आहे. दोन खांबांना छातीएवढ्या उंचीवर दोरी बांधली आणि पालकांनी हाताने शटल टाकून मुलाला ते दोरीपलीकडे अलगद ढकलायला सांगितले, तर पार्किंगमधील जागाही पुरते. नियमानुसार जाळी खांबांपाशी १.५५ मीटर उंच असते. एवढ्या उंचीचा आग्रह या वयात धरण्याचे कारण नाही.

मोकळ्या जागेचा खरा अडसर वारा हा आहे. शटलचे वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम असते, त्यामुळे संध्याकाळी सोसायटीच्या दोन इमारतींमधून येणारी साधी झुळूकही त्याला हातभर बाजूला नेते. मग मूल शटलच्या मागे धावत वाकडेतिकडे हात मारते आणि नेमकी तीच हालचाल पक्की होत जाते. उघड्यावरच्या खेळासाठी महासंघाला २०१९ मध्ये ‘एअरबॅडमिंटन’ हा स्वतंत्र प्रकार आणि त्यासाठी वेगळे शटल आणावे लागले, यावरून ही अडचण किती मूलभूत आहे ते कळते. सकाळी लवकर, वारा पडलेला असताना खेळणे हा त्यावरचा उपाय आहे, मात्र शाळेच्या बसची वेळ सांभाळून तो किती घरांत शक्य होईल, हे ज्याने त्याने ठरवावे. पावसाळ्यात तर तो पर्यायही उरत नाही आणि सारे तळमजल्याच्या पार्किंगवर येऊन ठेपते, जेथे छत इतके खाली असते की उंच फटका मारताच येत नाही.

आता डोक्यावरून मारायच्या फटक्याकडे वळू, कारण दोन पर्यायांतील मुख्य फरक येथेच आहे. आपल्याकडे पालक मुलाला हमखास ‘मनगट वापर’ असे सांगतात. प्रत्यक्षात फटक्याचा जोर मुख्यतः कोपरापासून मनगटापर्यंतचा हात स्वतःभोवती आत वळण्यातून येतो आणि त्याआधी अंग बाजूला वळणे, कोपर वर येणे, मागचा पाय पुढे येणे असा क्रम पूर्ण व्हावा लागतो. केवळ मनगट झटकणारे मूल सुरुवातीला शटल जोरात मारल्यासारखे दिसते, पण मागच्या रेषेवरून ते समोरच्या मागच्या रेषेपर्यंत पोहोचवू शकत नाही. हा क्रम अर्ध्या सेकंदात घडतो आणि त्यातील नेमकी कोणती कडी निसटली, हे सरावलेल्या नजरेलाच दिसते. घरी करण्यासारखी एकच पूर्वतयारी आहे: चेंडू किंवा जुनी शटले खांद्यावरून लांब फेकण्याचा भरपूर सराव. ज्या मुलांना नीट फेकता येते, त्यांना हा फटका लवकर जमतो. त्यापुढचे काम मात्र हॉल आणि प्रशिक्षक यांच्यावर सोपवावे.

पावलांच्या हालचालींबाबत तर मी अधिक आग्रही आहे. रॅकेट असलेल्या हाताच्या बाजूचा पाय पुढे टाकून, टाच आधी टेकवून आणि गुडघा पावलाच्या दिशेतच ठेवून खाली जाणे हा बॅडमिंटनचा पाया आहे आणि तो पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीटवर रोज गिरवणे वाढत्या गुडघ्यांसाठी योग्य नाही. लाकडी तळ आणि त्यावर सिंथेटिक मॅट असलेले कोर्ट हा धक्का बऱ्याच प्रमाणात सोसते. त्यासाठी सपाट, रबरी तळाचे, डाग न पाडणारे बूट घ्यावेत. जाड टाचेच्या धावण्याच्या बुटांनी आडव्या हालचालीत घोटा मुरगळण्याचा धोका वाढतो. खर्चात काटकसर करायचीच असेल तर रॅकेटवर करावी, बुटांवर नाही.

सर्व्हिसबाबत, म्हणजे खेळ सुरू करणाऱ्या पहिल्या फटक्याबाबत, फारसा वाद नाही. जाळीजवळची छोटी बॅकहँड सर्व्हिस मुलांना फोरहँडच्या उंच सर्व्हिसपेक्षा लवकर जमते आणि ती दोन्हीकडे शिकवता येते. फटक्याच्या वेळी शटल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली असावे, हा नियम सव्वा मीटर उंचीच्या मुलाकडून मोडला जाण्याची शक्यता फार थोडी आहे, त्यामुळे त्याचा बाऊ करू नये.

साहित्याबाबत दोन्ही पर्यायांना लागू होणारे दोन मुद्दे आहेत. मोठ्यांच्या रॅकेटची लांबी नियमाने ६८ सेंटिमीटरपर्यंत असू शकते. सात वर्षांच्या मुलासाठी त्याहून बरीच आखूड आणि वजनाला हलकी रॅकेट घ्यावी, अन्यथा जड रॅकेट सावरण्यासाठी मूल पुन्हा चुकीच्या पकडीकडे वळते. शटल आरंभी नायलॉनचेच असावे. त्याच्या बुडाजवळच्या पट्टीचा रंग वेग दाखवतो: हिरवी मंद, निळी मध्यम आणि लाल वेगवान. उष्ण आणि विरळ हवेत शटल दूर जाते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने उन्हाळ्यात येथे हिरव्या पट्टीचे शटल बरे पडते, तर डिसेंबर-जानेवारीच्या थंड सकाळी तेच अडखळल्यासारखे वाटते आणि निळे घ्यावे लागते. सोळा पिसांचे खरे शटल अधिक अचूक उडते, परंतु नवशिक्याच्या कडेने बसणाऱ्या फटक्यांनी त्याची पिसे लगेच तुटतात. एखादी अकॅडमी पहिल्याच महिन्यात पिसांच्या शटलचा डबा आणायला सांगत असेल, तर त्याचे कारण विचारण्यास संकोच करू नये.

बॅच निवडताना हॉलच्या झगमगाटाकडे पाहून निर्णय घेणारे पालक बरेच आहेत. १९८० मध्ये ऑल इंग्लंड ही बॅडमिंटनची मानाची स्पर्धा जिंकणारे प्रकाश पदुकोण लहानपणी बंगळुरूमध्ये कॅनरा युनियनच्या मंगल कार्यालयात सराव करत असत आणि लग्नाच्या दिवशी तेथील कोर्ट बंद असे. उंच छत आणि चांगली मॅट हवीच, पण त्याहून महत्त्वाचे आहे ते एका कोर्टावरील मुलांची संख्या आणि एका तासात आपले मूल प्रत्यक्ष किती वेळा शटल मारते, हे. एका कोर्टावर बारा मुले रांगेत उभी राहून एकेक फटका मारून मागे जात असतील, तर तासातील मोठा भाग वाट पाहण्यात जातो आणि त्या पैशांत पालकांनी अंगणात दिलेला अर्धा तास अधिक फलदायी ठरतो. त्याच बारा मुलांचे तीन गट करून एक जाळीजवळ, एक पावलांच्या हालचालीत आणि एक हाताने टाकलेल्या शटलवर गुंतवलेला असेल, तर ती बॅच नक्कीच उत्तम.

यावरून माझी शिफारस अशी आहे. मूल सहा-सात वर्षांचे असेल आणि घरातील कोणी रोज वीस मिनिटे देऊ शकत असेल, तर पहिले तीन-चार महिने फी भरण्याची घाई करू नये. पकड, शटल ठोकत ठेवणे, फेकणे आणि जाळीजवळचा खेळ यांतच तो काळ घालवावा. मूल आठ-नऊ वर्षांचे असेल किंवा पालकांना वेळ नसेल, तर थेट बॅच घ्यावी, मात्र मोठ्या मुलांसोबतची नव्हे, वयानुसार वेगळी केलेली. आठवड्यातून दोन दिवस बॅच आणि उरलेल्या दिवशी घरी पकडीचा सराव, हा मेळ बहुतेक घरांना पेलतो, फक्त घरी प्रशिक्षकाच्या सूचनेला छेद देणारी सूचना देण्याचा मोह आवरावा लागतो. प्रवेश घेण्याआधी एक दिवस चाचणी म्हणून मुलाला पाठवण्याची परवानगी मागावी, त्या तासात कोपऱ्यातील खुर्चीवर बसून आपल्या मुलाने शटलला किती वेळा स्पर्श केला ते मोजावे आणि कोणी एकदा तरी त्याची पकड हातात घेऊन दुरुस्त केली का, तेही पाहावे.