पिवळा दिवा वेळेवर लागला

मी प्रसूतिगृहात नर्स आहे. आमच्याकडचं बीपी मशीन क्रेडल व्हीएसए. पट्टा दंडाला बांधायचा, फुगा हाताने दाबायचा. बीपी आणि नाडीसोबत हिरवा, पिवळा किंवा लाल दिवा लागतो.

त्या दिव्याचं मोल एका बाळंतिणीच्या वेळी कळलं. वरचं बीपी 100, नाडी 120. नुसतं बीपी पाहून मी पुढच्या खाटेकडे गेले असते. मशीन मात्र नाडीला वरच्या बीपीने भागतं: 1.2. आकडा 0.9 झाला की पिवळा, 1.7 ला लाल. रक्त जात असलं तरी तरुण शरीर रक्तवाहिन्या आवळून बीपी बराच वेळ धरून ठेवतं, नाडी आधी धावते. चादर उचलली, तर पॅड चिंब. गार पडलेल्या बोटावर ऑक्सिमीटर नुसत्या रेघा दाखवत होता. डॉक्टर धावत आले. सलाईन, गर्भाशय आवळणारं ऑक्सिटोसिन, रक्ताची बाटली. बाई वाचली, देवाची कृपा.

एकच उणीव: मशीन आपणहून पुन्हा मोजत नाही, दर पाच मिनिटांनी फुगा आपणच दाबायचा. नख दाबून सोडल्यावर रंग दोन सेकंदांत परत येतो का, लघवी किती झाली, हेही मी बघतेच.