टेम्पोवरची एक्स्चेंज ऑफर: 22,500 रुपये गेले, जुनी चेनसॉही गेली

हसायचं तर हसा, पण सिंधुदुर्गात लाकूड कापायची मशीन घ्यायला निघाला असाल तर आधी हे वाचा.

माझी जुनी चेनसॉ थकली होती. मे 2021 मध्ये तौक्ते वादळाने आडवी केलेली हापूसची कलमं तिनेच कापून बाग मोकळी केली होती. हल्ली मात्र गरम झाली की बंद पडायची. दुकानात नवीन मोठी मशीन पन्नास हजारांच्या वर सांगत होते. पावसाळा तोंडावर आलेला, घराच्या कौलांवर रायवळ आंबा कललेला. त्यात बाजाराच्या दिवशी नाक्यावर टेम्पो उभा! नामांकित परदेशी कंपनीची 72 सीसी मशीन 26,500 ला, जुनीचे 4,000 वजा. म्हणजे 22,500. यूपीआयने 20,000 दिले, वरचे 2,500 रोख. रक्कम काही संशय यावा इतकी कमी नव्हती. शिवाय त्याने समोर फणसाचा जाडजूड ओंडका लोण्यासारखा कापून दाखवला.

पण कापला तो डेमोच्या मशीनने. माझा ‘पॅक पीस’ बॉक्समध्ये. म्हटलं, उघडून बघूया. तर म्हणतो, “काका, सील तोडलं की वॉरंटी गेली.”

इथे! इथेच पाठ फिरवायला हवी होती. अहो, दुकानदार स्वतः बॉक्स फोडतो, चेन बसवतो, पेट्रोल-ऑइल घालून मशीन चालू करून देतो. पण तोवर त्याच्या पोराने माझी जुनी मशीन टेम्पोत चढवून वर ताडपत्रीही ओढली होती आणि मागे चार गिऱ्हाइकं घाई करत होती (आता वाटतं, त्याचीच माणसं). माझ्या जागी कोणीही पैसे दिले असते.

घरी पहिली टाकी संपायच्या आत बारमधून, म्हणजे चेन फिरते त्या पट्टीतून, धूर. चालू मशीनचं टोक कागदासमोर धरलं तर चेनच्या तेलाची रेघ उमटायला हवी. कागद कोरा. पुढचा गार्ड ढकलला तरी चेन थांबेना; मशीन उलटी उसळली असती तर थेट तोंडावर. मेकॅनिकने खोलून बघितलं आणि विचारलं, “काकानू, ह्यां खय गावलां?” बोअर (सिलिंडरचा व्यास) 45 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 34. करा हिशेब, 54 सीसी! 72 फक्त स्टिकरवर. घरच्या बागेला 50 सीसी रग्गड होते. सीसीच्या आकड्यामागे धावू नका, तालुक्याला पार्ट मिळतात का ते विचारा.

बिलावर जीएसटी नंबर होता, पण चौदा अक्षरी. खरा पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला 27 ने सुरू होतो आणि पोर्टलवर फुकट तपासता येतो. पैसे देण्याआधी तपासा.

पोलिसांत गेलो तर “हा दिवाणी मामला, ग्राहक आयोगात जा.” ट्रेडमार्क कायदा 1999 प्रमाणे दुसऱ्याच्या ब्रँडचं खोटं नाव लावलेला माल विकणं हा गुन्हा आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैद. हे मी त्यांना शिकवायचं? अर्ज ठेवून घेतला, पोच मागितली तर “उद्या या.” उद्या गेलो तर साहेब बंदोबस्ताला. आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही म्हणे, पण विक्रेत्याचा पत्ता द्या. पत्ता असता तर मीच गेलो नसतो का? बँकेत सांगतात, पैसे तुम्ही स्वतःहून पाठवलेत. खातं कुठल्याशा बाईच्या नावावर. ती कोण, हेही सांगणार नाहीत! यूपीआयने पैसे गेले असतील तर निदान लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

टेम्पो पांढरा, ताडपत्री निळी. कुठे दिसला तर बोलणी करायच्या आधी नंबरप्लेटचा फोटो काढा आणि मला पाठवा.