पिशवीतले पिस्टन माझ्या इंजिनचे नव्हते

जुन्या इंजिनचं बोअर-पिस्टनचं काम (झिजलेला सिलिंडर आतून कापून मोठा करायचा आणि त्यात मोठ्या मापाचे पिस्टन घालायचे) कुणाला देणार असाल, तर इंजिन उतरवण्याआधी हे पूर्ण वाचा. माझे २६,५०० रुपये गेले. पण लिहायला बसलोय ते पैशांसाठी नाही. त्या कामामुळे माझा १४ वर्षांचा भाचा आणि मी चढावरून गाडीसकट मागे घरंगळलो, ते डोळ्यांसमोरून जात नाही म्हणून लिहितोय.

आमची शेती भोर तालुक्यात. खाली भाताची खाचरं आणि वर नाचणीचा माळ. माळावर जायची वाट मुरमाची, अरुंद आणि दोन ठिकाणी छातीवर येणारा चढ. ट्रॅक्टर तिथे वळत नाही आणि बैल घरात राहिले नाहीत. काकांची १९९४ ची मारुती ८०० गोठ्याशेजारी गंजत पडली होती. पत्रा संपला होता पण इंजिन चालू होतं. तिची नोंदणी रीतसर रद्द करून घेतली आणि दीड इंची पाइपची फ्रेम वेल्ड करून मी बग्गी बांधली. इंजिन, गिअरबॉक्स आणि पुढचं सस्पेन्शन अख्खं उचलून सीटच्या मागे बसवलं. पुढची चाकं ओढायची ती गाडी आता मागून ढकलायला लागली. (अशी गाडी रस्त्यावर आणता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे. आमची बग्गी बांधाबाहेर जात नाही.) खत, पंप, पाइपांची बंडलं, पावसाळ्यात नाचणीची रोपं, सगळं तीच वर नेते. दारात उभी राहिली की आई तिला हळदकुंकू लावते.

कॉलेजात असताना मी बाहाच्या, म्हणजे विद्यार्थ्यांनी बग्गी बांधून पळवायच्या स्पर्धेच्या, टीममध्ये होतो. त्या स्पर्धेत सगळ्या टीमना एकसारखं, १० हॉर्सपॉवरचं ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं इंजिन असायचं आणि त्याच्या आत हात घालायचा नाही असा नियम. त्यामुळे फ्रेम, सस्पेन्शन, रोल केज हे सगळं हातात बसलं, पण इंजिनचं पोट कधी उघडून पाहिलं नाही. पुढे ज्या गॅरेजवाल्याकडे गेलो त्याला हे माझ्या बोलण्यातून पहिल्या पाच मिनिटांत कळलं असणार.

इंजिन झिजलं त्याचं कारण मात्र मीच बसवलेला एअर फिल्टर. फोमचा छोटा फिल्टर कार्बोरेटरच्या तोंडावर लावला होता, आणि ती जागा नेमकी मागच्या चाकाच्या धुरळ्यात येत होती. फिल्टरच्या रबरात एका बाजूला फट होती. नळीत बोट फिरवलं की बोटाला तांबूस, कुंकवासारखी बारीक धूळ लागायची. तीच धूळ तेलात मिसळून पिस्टनभोवतीच्या रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) घासत राहिली. तीन उन्हाळ्यांत गाडी निळा धूर सोडायला लागली. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, गरम इंजिनातही पांढरा येत राहिला तर पाणी जळतंय आणि निळा म्हणजे तेल जळतंय, एवढं मला माहीत होतं. डिपस्टिक ओढली की भोकातून भकाभका वाफा यायच्या. दर आठवड्याला अर्धा-पाऊण लिटर तेल टाकावं लागायचं.

पुण्याच्या बाजूला स्पेअर पार्टच्या एका दुकानदाराने इंजिन बांधणाऱ्या एका गॅरेजचा पत्ता दिला. गॅरेजवाला गोड बोलणारा होता. चहा मागवला, बग्गीचे फोटो बघून कौतुक केलं, "दादा, तुमच्यासारखी माणसं आता राहिली कुठे?" म्हणाला. मग काम सांगितलं: ०.५० चं बोअर (म्हणजे सिलिंडर अर्धा मिलिमीटर मोठा), तिन्ही पिस्टन-रिंगा नवीन, क्रँक ग्राइंडिंग, बेअरिंग, हेडचं फेसिंग, व्हॉल्व्ह लॅपिंग, सगळे सील. २६,५०० रुपये आणि महिन्याची गॅरंटी. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "देतो की, पण १८ टक्के वर लागतील." मी कच्च्या चिठ्ठीवर मान डोलावली. त्या चिठ्ठीवर ना सही होती ना शिक्का. बोअरिंगच्या वेळी मी येऊ का, असंही विचारलं होतं. "ते बाहेर लेथवर होतं, तिथे गिऱ्हाईक चालत नाही." याच उत्तराला मी इंजिन परत टेम्पोत चढवायला हवं होतं.

आठ दिवसांनी इंजिन घ्यायला गेलो. ब्लॉकला चंदेरी रंग मारलेला, सगळ्या जोडांतून नारिंगी सिलिकॉन डोकावतंय, बघूनच मन भरलं. त्याने तिन्ही प्लग काढले, माझ्यासमोर कॉम्प्रेशन गेज (सिलिंडर किती दाब धरतो ते दाखवणारा काटा) लावलं आणि स्टार्टर मारला. साडेबारा, बारा, साडेबारा, म्हणजे नव्या इंजिनसारखे आकडे. "मोजून घ्या," म्हणाला. मी काट्याचा फोटोही काढला. निघताना हातात एक जाड प्लॅस्टिकची पिशवी दिली, तीन जुने पिस्टन आणि रिंगांचे तुकडे. "तुमचा जुना माल. आम्ही काही ठेवून घेत नाही." त्या पिशवीने माझी उरलीसुरली शंका मिटवली. माणूस जुने पार्ट परत देतोय म्हणजे प्रामाणिकच असणार, असंच कुणालाही वाटेल.

पहिले दहा-बारा दिवस धूर जवळजवळ बंद होता. मग सकाळी सुरू करताना एक भपका यायला लागला. फोन केला. "नवीन रिंगा आहेत, बसायला वेळ लागतो. हळू चालवा, लोड देऊ नका." रिंगा बसायला वेळ लागतो हे खरंच आहे, त्यामुळे त्याचं म्हणणं मला पटलं. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा फोन केला, पुन्हा तेच उत्तर. नंतर गरम इंजिनवर, चढाला, तेलाचा लाल दिवा लुकलुकायला लागला. "चढावर तेल एका बाजूला जातं, तुमची गाडी घरची आहे ना." हेही अर्धं खरं होतं. मला सांगितलेली प्रत्येक गोष्ट अशीच अर्धी खरी होती, आणि तेवढ्यात गॅरंटीचा महिना उलटून गेला.

पाचव्या आठवड्यात दोन पोती खत आणि भाच्याला घेऊन वर निघालो. दुसऱ्या चढाच्या मध्यावर खालून ठक्-ठक्-ठक् असा आवाज सुरू झाला. मी पाय काढायच्या आत इंजिन जाम झालं आणि मागची चाकं एकदम अडकली. क्लच दाबून ब्रेक मारला, पण मुरमावर बग्गी मागे सरकतच राहिली. डाव्या हाताला पंधरा-वीस फूट खोल ओढा. स्टिअरिंग उजवीकडे तोडलं तशी मागची बाजू दरडीला घासत जाऊन टेकली. भाच्याला बेल्ट होता, त्याला खरचटलंही नाही. पण कितीतरी वेळ त्याने माझा दंड घट्ट धरून ठेवला होता. ताईला हे सांगताना मला तोंड वर करता आलं नाही.

गावात एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक मिस्त्री आहेत, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्यांनी आधी सम्पचा, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याचा, बोल्ट सोडला. तेल यायला हवं पाण्यासारखं पातळ आणि काळं, ते आलं काकवीच्या धारेसारखं. अण्णांनी दोन बोटांत धरून ताणलं तर तार निघाली. धूर आणि आवाज दाबायला तेलात घट्ट करणारं द्रव्य घालतात, म्हणाले. थंड इंजिनात ते झिजलेल्या फटी भरून काढतं. गरम होऊन आणि जळून त्याचा जोर ओसरला की सगळं पूर्वीसारखं. तळाला भांड्यात चांदीच्या वर्खासारखी बेअरिंगची चमक होती.

मग हेड उतरवलं. अण्णांनी माझं बोट धरून बोअरच्या वरच्या कडेवर ठेवलं आणि म्हणाले, "नख खालून वर ओढ." नख अडकलं. रिंग जिथपर्यंत जाते तिथपर्यंत बोअर झिजतं आणि त्याच्या वरची अर्धा बोट पट्टी कोरी राहते, त्यामुळे तिथे पायरी पडते. बोअर खरंच मारलं असतं तर ती पायरी पहिल्याच कटमध्ये निघून गेली असती. होनिंगच्या (बोअरनंतर दगडाने घासण्याच्या) तिरप्या, जाळीसारख्या रेघा तर कुठेच नव्हत्या, पॉलिश पेपरने हाताने घासलेले ओरखडे होते. गेज लावून मोजलं. या इंजिनचा मूळ बोअर ६८.५ मिलिमीटर. ०.५० मारलं असेल तर ६९ भरायला हवा. भरला ६८.५८. पिस्टनही तेच जुने, फक्त रिंगा हलक्या दर्जाच्या घालून दिलेल्या. क्रँक ग्राइंडरवर चढलाच नव्हता.

मी म्हटलं, "अण्णा, पण कॉम्प्रेशन तर माझ्या डोळ्यांदेखत साडेबारा आलं होतं." त्यांनी विचारलं, प्लग काढल्यावर त्याने भोकात काही सोडलं होतं का? आणि मला आठवलं. तेलाची कुपी होती. प्रत्येक भोकात दोन-दोन पिचकाऱ्या मारून तो म्हणाला होता, "गंज नको पकडायला." पिस्टनवर तेल सोडलं की ते रिंगांच्या कडेने फट बुजवतं आणि झिजलेलं इंजिनही तेवढ्यापुरतं नव्यासारखा आकडा दाखवतं. मिस्त्री लोक हीच चाचणी दोष शोधायला वापरतात: आधी कोरडं मोजायचं, मग तेल घालून. आकडा उडी मारून वर गेला तर रिंगा गेल्या, नाही गेला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट बघायचं. दोष शोधायची हीच चाचणी त्या माणसाने दोष झाकायला वापरली. या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

आणि पिशवी? माझे पिस्टन इंजिनातच असतील तर पिशवीत कुणाचे? रॉकेलमध्ये बुडवून जुन्या टूथब्रशने डोकी घासली. कार्बन निघाला तसा एकेकावर शिक्का उमटला: ०.५०. म्हणजे ज्या इंजिनचे ते होते त्याचं बोअर आधीच एकदा झालेलं होतं. माझे जुने पिस्टन ०.५० चे असते तर त्यावर पुन्हा ०.५० चं बोअर मारणार कसं? पिशवी मिळाली त्याच संध्याकाळी मी ही दहा मिनिटं खर्च केली असती तर चिठ्ठी आणि पिस्टन शेजारी ठेवताच खोटं उघडं पडलं असतं. ती पिशवी पाच आठवडे खिळ्याला टांगलेली होती.

दुसऱ्यांदा काम अण्णांनी करवून घेतलं, आणि त्यांची पद्धत इथे मुद्दाम सांगतो. इंजिन खोलण्याआधी ब्लॉकवर, प्रत्येक रॉडच्या कॅपवर आणि क्रँकच्या कडेला पंचने ठिपके मारले, नंबराचा फोटो काढला. नवे पिस्टन आधी आणले, लेथवर ब्लॉक आणि पिस्टन आम्हीच घेऊन गेलो, आणि पिस्टन मोजून त्या मापानेच बोअर मारून घेतलं. लेथवाल्याने काहीही कुरकुर न करता मला शेजारी उभं केलं. सबंध दुपार मी तिथे होतो. बोअरचं आणि क्रँकचं वेगळं बिल माझ्या नावाने घेतलं. बांधून झाल्यावर कॉम्प्रेशन कोरडं मोजलं, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून. तिन्ही आकडे पत्र्यावर खडूने लिहिलेत, ते अजून आहेत. एअर फिल्टर आता ट्रॅक्टरचा, ऑइल बाथचा, आणि त्याची नळी रोल केजच्या वरच्या पाइपपर्यंत उचललीय. सम्पमध्ये तेल उताराला पळू नये म्हणून आडवी पट्टी वेल्ड केली. बग्गीला किलोमीटरचा काटा नाही, म्हणून वहीत तास लिहितो आणि ५० तासांना तेल बदलतो.

पैशांसाठी गॅरेजवाल्याकडे गेलो, पिस्टन समोर ठेवले. आधी आवाज चढवला, मग "पोरांनी गडबड केली" म्हणाला, शेवटी ५,००० हातावर ठेवले. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यातून दाद मागता येते, ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, आणि दोन वर्षांची मुदत असते. माझी अडचण एकच, हातात सही-शिक्क्याचा कागद नाही. १८ टक्के म्हणजे ४,७७० रुपये. ते वाचवले आणि पुरावा गेला. आता ऑनलाइन पैसे पाठवल्याची नोंद, गेजचा फोटो, फोनवरचे मेसेज आणि अण्णांनी लिहून दिलेली मापं, एवढ्यावर अर्ज तयार करतोय.

त्या दिवशी गॅरेजमधून बाहेर पडताना एक भाजीवाले काका ओम्नीचं इंजिन टेम्पोत चढवून घेत होते. चंदेरी रंग, नारिंगी सिलिकॉन. काखेत तीच जाड प्लॅस्टिकची पिशवी. मी त्यांना टेम्पोच्या आडोशाला नेलं आणि पिशवी उघडायला सांगितली. त्यांनी पिस्टनचं डोकं अंगठ्याने पुसलं, मग थुंकी लावून धोतराच्या सोग्याने पुसलं. शिक्का वाचेपर्यंत त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. मग त्यांनी हमालाला हाक मारली आणि इंजिन परत खाली उतरवायला सांगितलं.