'रेत समाधि' वाचलं, इंदूरकरांनो मूळ हिंदीतच वाचा

गीतांजली श्री यांचं 'रेत समाधि' परवा रात्री संपवलं, अजून डोक्यातून जात नाहीये. खजुरी बाजारातून आणलं होतं. राजकमल प्रकाशनाची २०१८ ची कादंबरी, डेझी रॉकवेल यांच्या इंग्रजी अनुवादाला २०२२ चं इंटरनॅशनल बुकर मिळालं, हिंदी पुस्तकाला पहिल्यांदाच. तेव्हापासून जो तो इंग्रजीच मागतो, पण आपण इंदूरवाले, घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी, आपल्याला मूळ वाचता येतं तर तेच वाचा ना.

गोष्ट ऐंशी वर्षांच्या आईची. नवरा गेल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहते, उठायलाच तयार नाही, आणि एकदा उठली की मग मुलीकडे राहायला जाते, रोझी नावाच्या तृतीयपंथी व्यक्तीशी जीव लावते, पुढे तर थेट पाकिस्तान. माझी आजीसुद्धा आजोबा गेल्यावर अशीच पाठ फिरवून पडायची आणि आम्ही सगळे तिला नुसतं ऊठ ऊठ म्हणायचो, ते भिंतीचं वाचताना पुस्तक खाली ठेवावं लागलं मला.

सुरुवातीला दम धरावा लागतो. वाक्यं लांबच लांब, मध्येच कावळे बोलायला लागतात, एखादा चॅप्टर जेमतेम एक-दोन ओळींचा. मधे थोडं ताणलंय असंही वाटलं. पण मोठ्याने वाचलं की लय सापडते, आईला काही पानं अशीच वाचून दाखवली तर आता पुस्तक तिच्याच उशाशी आहे.