टियागो ईव्ही २४ युनिटवाली : बेळगाव-निपाणीला झकास, गोव्याला हिशेब करून जावा

गाडी घेताना सगळे एकच विचारतात, रेंज किती देतीय ओ? टाटाची ही २४ युनिट (kWh) बॅटरीची इलेक्ट्रिक गाडी २०२२ ला आली तेव्हा कंपनीनं एका चार्जला ३१५ किमी जाहीर केलेलं, पण तो टेस्टचा आकडा. एसी लावून, घरची चार माणसं बसवून आपल्याकडं १९०-२०० धरून चला. म्हणजे टिळकवाडीतनं निपाणीला जाऊन परत यायला काय टेन्शन नाही. फक्त पाय आवरायचा! ८० वरनं १०० ला गेलं की वाऱ्याचा विरोध दीडपटीच्या वर जातोय, आणि हायवेला चार्ज खातंय ते तिथंच, एसीला उगाच शिव्या देतात लोक.

रिजन म्हणजे पाय सोडला की मोटर गाडी हळू करत बॅटरीत चार्ज परत घालतीय ते, त्याची ० ते ३ लेव्हल हाय. गावात, खडेबाजारच्या गर्दीत ३ ठेवा, ब्रेकला हातच लावायला लागत नाही जवळजवळ. सपाट हायवेला मात्र ० नाहीतर १ वर गाडी नुसती सोडून द्यायची, कारण परत मिळालेला चार्ज कधी पूर्ण मिळत नाही, मधी गळती असतीच. तवंदी घाट उतरताना ३ केलं की काटा चार्जिंगच्या बाजूला जातोय, लई बरं वाटतंय बघायला. पण बॅटरी फुल्ल असली तर रिजन नीट घेत नाही, ते ध्यानात ठेवा.

खरी परीक्षा गोव्याच्या वाटेवरचा चोर्ला घाट, जाताना उतार आणि येताना चढ. बेळगाव समुद्रापासनं साधारण ७५० मीटर उंच. माणसं-सामान धरून साडेचौदाशे किलोची गाडी तेवढी वर आणायची म्हणजे नुसत्या उंचीलाच तीन युनिट गेले, बॅटरीचा आठवा हिस्सा, आणि रस्त्याचा खर्च वेगळाच. त्यामुळं जाताना मिळालेली रेंज बघून येतानाचा अंदाज बांधू नका, पणजीत चार्ज करूनच निघा. वाटेतल्या चार्जरच्या भरवशावर तर अजिबात नको, एका हॉटेलसमोरचा ॲपवर चालू दिसत होता, गेलो तर स्क्रीनच काळी, आणि वॉचमन म्हणतोय उद्या या की!

टायरची हवा दाराजवळच्या स्टिकरवर असतीय तेवढी, थंड टायरला, पंधरवड्यातनं बघायची, फुकटातली रेंज हाय ती. शोसाठी रुंद टायर आणि टपावर कॅरियर घालणाऱ्यांनी मग रेंजची तक्रार करू नये.

घरी १५ अँपियरचा पॉइंट आणि चांगलं अर्थिंग असेल तर डोळे झाकून घ्या. अपार्टमेंटात राहून रोज बाहेर चार्ज करायचा विचार असेल तर पेट्रोलचीच बघा.