म्हैसूरला ‘पॅलेस बंद आहे’ असं कोणी सांगितलं तर त्याच्या रिक्षात बसू नका

आधी हिशेब सांगतो. म्हणजे मी राग का धरलाय ते कळेल. दोन ‘म्हैसूर सिल्क’ साड्या, ११,५०० आणि ८,७०० रुपये. ‘शुद्ध’ चंदन तेलाच्या दोन बाटल्या, प्रत्येकी ६५० रुपये. ‘चंदनाचा’ गणपती ३,२०० रुपये. ‘रांगेशिवाय तिकीट आणि गाइड’ चौघांचे मिळून २,००० रुपये. रिक्षा ठरली ६०० ला, घेतले १,४००. एकूण २८,१०० रुपये, एका दिवसात, म्हैसूरच्या राजवाड्याभोवतीच्या दोन-चार किलोमीटरात आणि शेवटी वृंदावन गार्डनच्या दारात.

कमिशनवाला रिक्षावाला, ठरलेलं दुकान, दुकानात चहा, हे सगळं तुम्हालाही माहीत असेल. आम्हालाही माहीत होतं. तरीही ही माणसं गळाला लावतात, कारण म्हैसूरचा डाव त्या वास्तूच्या रचनेवरच बेतलेला आहे.

राजवाड्याचा जो फोटो सगळीकडे दिसतो, त्यातली मोठी कमान म्हणजे पूर्वेचा जयमार्तंड दरवाजा. बाहेरगावचा माणूस साहजिकच त्या कमानीशी जाऊन उभा राहतो. पण ती एरवी सामान्य पर्यटकांची वाट नाही. तिकीटखिडकी आणि प्रवेश दक्षिणेला, वराह दरवाजापाशी. म्हणजे तुम्ही बंद दारासमोर गोंधळून उभे असता आणि रिक्षावाला फक्त दाराकडे बोट दाखवतो. “पूजा चालू आहे, साडेबारापर्यंत बंद.” डोळ्यांसमोर दार बंद दिसतंय, मग अविश्वास कशाला दाखवायचा? त्यात आम्ही गेलो दिवाळीच्या सुट्टीत, दसरा नुकताच झालेला. दसऱ्याच्या दिवसांत राजघराण्याच्या खासगी विधींसाठी राजवाडा काही वेळ किंवा काही दिवस खरोखरच बंद ठेवतात. खोटं नेहमी अशा खऱ्याला चिकटवून सांगितलं जातं.

एरवीचं वेळापत्रक पाठच करा. हा राजवाडा, म्हणजे अंबाविलास, रोज उघडा असतो, सकाळी १० ते संध्याकाळी साडेपाच. साप्ताहिक सुट्टी नाही. दुपारची विश्रांती नाही. बंद आहे की नाही हे वराह दरवाजाच्या खिडकीवर जाऊनच बघायचं, रस्त्यावर कुणाला विचारायचं नाही.

आता तो क्षण, जो आठवला की अजून झोप उडते. त्या बंद दाराच्या गजांमधून आत माणसं चालताना स्पष्ट दिसत होती. लहान मुलं, पाठीला पिशव्या, हातात मोबाइल. आमच्यातल्या एकाने विचारलंही, “मग ते कोण?” रिक्षावाला क्षणाचाही विलंब न लावता म्हणाला, “राजघराण्याचे पाहुणे, साहेब.” राजघराणं राजवाड्याच्या एका भागात आजही राहतं, त्यामुळे उत्तर पटण्यासारखं होतं. पण पाठीला बिस्किटांची पिशवी लावलेले राजाचे पाहुणे? सगळी फसवणूक तिथे, त्या गजांपाशी उघडी पडली होती. आणि पुढच्याच वाक्याला तो मराठीत बोलला. “मी मूळचा बेळगावचा, साहेब. आपल्या माणसांना मी फसवीन का?” परमुलखात कानावर मराठी पडली की माणूस सैलावतो. हा दोष आमचा नाही. गाडीची एमएच पाटी किंवा आपसातलं बोलणं हेरून हे वाक्य फेकलं जातं, म्हणून सांगतो: म्हैसूरच्या रस्त्यावर स्वतःहून मराठीत बोलणाऱ्या अनोळखी माणसापासून दुप्पट सावध राहा.

मग दुकानं. ‘गव्हर्नमेंट एम्पोरियम’ असं सांगून नेतात. पाटीवर ‘गव्हर्नमेंट अप्रूव्हड’ असतं, आणि या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. कर्नाटक सरकारचं हस्तकलेचं कावेरी एम्पोरियम सयाजीराव रोडवर आहे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचं नाव लावलेला हा रस्ता राजवाड्यापासून चालत जाण्याजोगा आहे, रिक्षा लागतच नाही. म्हैसूर सिल्क घ्यायचं तर कर्नाटक सिल्क इंडस्ट्रीज कॉर्पोरेशनच्या, म्हणजे केएसआयसीच्या दुकानातच घ्यायचं. १९१२ साली सुरू झालेला त्यांचा कारखाना म्हैसुरातच आहे आणि त्यांच्या प्रत्येक साडीवर होलोग्राम आणि त्या साडीचा स्वतंत्र क्रमांक असतो. आमच्या साड्यांवर यातलं काही नव्हतं. “फॅक्टरी सेकंड आहे, म्हणून नंबर काढलाय, म्हणूनच स्वस्त,” असं सांगितलं गेलं. नंबर काढलेली साडी हा प्रकारच धरू नका.

जळणाची परीक्षा त्यांनी स्वतःहून करून दाखवली. इथे नीट लक्ष द्या, कारण हा भाग कोणी सांगत नाही. रेशमाचा धागा पेटवला की केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरडली की भुगा होते. पॉलिएस्टर वितळतं आणि थंड झाल्यावर त्याची कडक गोळी बनते. विक्रेत्याने पदराच्या दशांमधून धागा ओढला, पेटवला, वास दिला, राख चुरडून दाखवली. सगळं बरोबर. पण पदराच्या दशा म्हणजे साडीच्या लांबीचे धागे, म्हणजे ताणा. बाण्याचे आडवे धागे तिथे नसतातच. ताणा रेशमी आणि बाणा पॉलिएस्टर अशी मिश्र साडी असेल, तर दशांची परीक्षा ती शंभर टक्के पास होणार! घरी येऊन काठाच्या आतल्या बाजूने एक आडवा धागा काढून पेटवला. वितळला, काळी गोळी झाली. दोन्ही साड्यांचं तेच. म्हणून धागा आपण निवडायचा, उभा एक आणि आडवा एक, आणि पेटवायचाही आपण. दुकानदार नको म्हणाला तर उठायचं. शुद्ध रेशमाची खूण असलेलं सिल्क मार्कचं लेबल असेल तर त्यावरचा क्रमांक तिथल्या तिथे तपासा.

तेलाचं गणित तर शाळेतलं पोर करील. ६५० रुपयांना १० मिलिलिटर म्हणजे लिटरला ६५,००० रुपये. खऱ्या चंदन तेलाचा भाव किलोला लाखांत असतो. मग या भावात ते येणार कुठून? हातावर एक थेंब लावून वास देतात, तो सुगंधी द्रव्य घातलेल्या पातळ तेलाचाही छानच येतो. खऱ्याचा वास तासन्‌तास टिकतो, याचा तासाभरात गेला. पण तासाभराने तुम्ही दुकानात नसता. गणपतीचंही तसंच. चंदनाचा सुगंध लाकडाच्या गाभ्यात असतो, बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला तो नसतो. स्वस्त पांढऱ्या लाकडाला वरून तेल चोळतात. बैठकीच्या खालच्या बाजूला नखाने किंवा किल्लीने खरवडा. आतून वास आला नाही तर ठेवा परत.

दुकानांमध्ये दुपारचे तीन वाजले. तेव्हा “आता उघडला” म्हणून रिक्षा वराह दरवाजाकडे नेली आणि तिथे ‘गाइड’ उभाच होता. पर्यटन खात्याचा परवाना असलेल्या गाइडकडे फोटोसह ओळखपत्र असतं. याच्याकडे गळ्यात नुसती दोरी. २,००० रुपये घेऊन त्याने खिडकीवरची साधी तिकिटं आणली आणि फरक खिशात घातला. तिकिटाचे दर खिडकीपाशी लिहिलेले असतात, ते आधी वाचा. त्याने ‘चारशे वर्षांचा राजवाडा’ असं ठोकून दिलं. जुना लाकडी वाडा १८९७ मध्ये राजकन्येच्या लग्नात आगीत गेला. आजचा राजवाडा हेन्री आयर्विनच्या आराखड्यावर उभा राहिला, १९१२ ला पुरा झाला आणि त्याला ४१,४७,९१३ रुपये लागले. ग्लासगोहून आलेल्या रंगीत काचांचं छत असलेला अष्टकोनी कल्याणमंडप त्याने धावत पार करवला. भिंतींवरची दसऱ्याच्या मिरवणुकीची चित्रं बघायला थांबलो तर “पुढे चला.” दरबार हॉलपाशी तो गायबच झाला. साड्यांपेक्षा याचा संताप जास्त आहे. ते छत खाली उभं राहून बघायलाच तर एवढ्या लांब गेलो होतो.

वृंदावन गार्डन शहरापासून साधारण २० किलोमीटरवर, कृष्णराजसागर (केआरएस) धरणाच्या पायथ्याशी. कारंजी दरवाजाजवळ नाहीत, पाणी ओलांडून पलीकडे बरंच चालावं लागतं. उशिरा पोहोचलात तर कारंजी बंद व्हायच्या वेळी तुम्ही पुलावर असता. आमचं तेच झालं. परतताना रिक्षावाला फाटकापाशी अडून बसला: पार्किंग, वेटिंग, रात्रीचा दर, १,४०० द्या नाहीतर इथेच उतरा. सोबत म्हातारी आई, अंधार, दुसरं वाहन नाही. कोणीही दिले असते. केआरएसला शहर बसस्थानकावरून थेट बस जाते. बसने जा, परतीच्या शेवटच्या बसची वेळ उतरल्या उतरल्या विचारून घ्या.

आता तक्रारीचं. पहिल्या ठाण्यात पहिला प्रश्न, “बिल आहे का?” बिल म्हणून दिलेला कागद म्हणजे नुसता आकडे खरडलेला चिटोरा, त्यावर जीएसटी क्रमांक नाही, दुकानाचं नावही नाही. तो बघून उत्तर, “हे सिव्हिल मॅटर आहे.” रिक्षाचं विचारलं तर म्हणे पैसे केआरएसला घेतले ना, ते मंड्या जिल्ह्यात येतं, तिकडे जा. रिक्षा म्हैसूरची, दमदाटी मंड्यात, फसवणूक दोन्हीकडे आणि तक्रार घ्यायला कोणीच नाही! पर्यटकांच्या मदतीसाठी म्हणून उघडलेल्या एका टेबलावर सांगितलं, परवाना नसलेल्या गाइडवर कारवाई करता येत नाही कारण तो आमच्या नोंदीत नाही. अहो, तो नोंदीत नाही हीच तर तक्रार आहे. एका हेल्पलाइनवर ऐकलं की पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने क्यूआर कोडवर टाकले, ओटीपी कोणी चोरला नाही, मग हा सायबर गुन्हा नाही. तो क्यूआर दुकानाच्या नावाचा नव्हता, कुणा भलत्याच माणसाच्या नावाचा होता, हे ऐकून घ्यायलाही पलीकडचा तयार नव्हता. राजवाड्याच्या रस्त्यावर दिवसाढवळ्या हे चालतं, चार पावलांवर पोलीस उभे असतात, आणि प्रत्येकाला फक्त आपली हद्द कुठे संपते तेवढं माहीत असतं. पर्यटक संध्याकाळच्या गाडीने परत जाणार, हे फसवणाऱ्यांना जितकं पक्कं ठाऊक आहे तितकंच यांनाही.

पैसे टाकण्याआधी मोबाइलवर उमटणारं नाव मोठ्याने वाचा. दुकानाचं नाव नसेल तर टाकू नका.

तक्रारीसाठी म्हैसूरला फेऱ्या मारायची गरज नाही, हे फार कमी जणांना माहीत आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षं. बिल न देणं ही त्याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिली नसेल तर सदोष माल ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा, त्यामुळे ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीला घाबरू नका. सुरुवात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून करा, तक्रार क्रमांक जपून ठेवा. बँकेचा उतारा, यूपीआय व्यवहाराचा क्रमांक आणि साडी न धुता, न नेसता तशीच ठेवा, तपासणीला तीच लागते. आणि दुकानात शिरण्याआधी पाटीचा आणि रिक्षाच्या नंबरचा फोटो काढा. आत गेल्यावर मोबाइल काढू देत नाहीत.